नस तुटली, दबली, ताणली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून फिजिओथेरपीला येणारे पेशंट, त्यांच्या घरचे आणि तालमीतली पोरं जे विचारतात, तेच इथं घेतलं आहे. नसेच्या दुखापतीत सुरुवातीला घाई करायची असते आणि नंतर धीर धरायचा असतो. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं चालतं. पहिले तीन-चार महिने तेल लावण्यात जातात आणि ऑपरेशन झालं की पंधराव्या दिवशी "अजून बोट का हलंना?" म्हणून डॉक्टर बदलला जातो.

नस तुटली म्हणजे आत नक्की काय होतं?

इथं नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, मेंदू-मज्जारज्जू आणि शरीर यांच्यात निरोप नेणारी दोरी. तिच्यात हजारो बारीक तंतू एकत्र बांधलेले असतात. प्रत्येक तंतू हा एकाच पेशीचा लांबलचक धागा. पंजाची हालचाल करणाऱ्या तंतूची पेशी मानेत, मज्जारज्जूत बसलेली असते आणि तिचा धागा थेट तळहातापर्यंत आलेला असतो. म्हणून मनगटापाशी नस कापली तरी पेशी जगते, तुटतो तो धागा. दुरुस्तीला वाव राहतो तो यामुळेच.

तुटलेल्या जागेपासून बोटांकडचा भाग मात्र वाचत नाही. एक-दोन दिवसांत त्याचे तुकडे पडू लागतात आणि त्यावरचं मायलिनचं वेष्टण सुटतं. ऑगस्टस वॉलर या इंग्रज डॉक्टरने १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसा कापून हे पहिल्यांदा नीट पाहिलं. या प्रक्रियेला आजही त्याचंच नाव आहे. मग कामाला लागतात त्या श्वान पेशी, थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाच्या. एरवी त्या तंतूभोवती मायलिन गुंडाळून बसलेल्या असतात. तंतू मेला की ते काम सोडतात, आपली संख्या वाढवतात, रक्तातल्या भक्षक पेशी बोलावून कचरा उचलून घेतात आणि रिकाम्या नळीत एका ओळीत उभ्या राहतात. नवा तंतू वाढायला लागणारी रसायनंही त्याच सोडतात. अशा रसायनांपैकी नर्व्ह ग्रोथ फॅक्टरच्या शोधाला पुढे १९८६ चं नोबेल मिळालं, रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना.

इकडे मानेतली पेशी फुगते, तिचं केंद्रक कडेला सरकतं. निरोप पाठवायचं काम बाजूला ठेवून ती बांधकामाचं साहित्य तयार करायला घेते. वरच्या तुटक्या टोकाला कोंब फुटतात आणि चाचपडत पुढं निघतात. त्यांना जुनी नळी सापडली तर काम सोपं. उसाला पाणी पाजताना पाट धड असला की पाणी शेवटच्या सरीपर्यंत जातं, पाट फुटला की जागेवरच साचतं, तसंच इथं आहे. वाट न सापडलेल्या कोंबांची टोकाशी गाठ होते, तिला न्यूरोमा म्हणतात. तिला नुसता धक्का लागला तरी कळ मस्तकात जाते.

मग बोटं कधी हलणार? नक्की तारीख सांगा.

तारीख नाही, पण हिशोब सांगता येतो. मोठ्या माणसात तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याला सुमारे इंचभर. सुरुवातीचा महिना साफसफाई आणि टाक्याची जागा ओलांडण्यात जातो, तो वेगळा धरायचा.

मनगटापासून बोटाच्या शेंड्यापर्यंत १८ सेंटिमीटर धरले तर १८० दिवस आणि वर एक महिना, म्हणजे सात महिने. कोपरापाशी तुटली असेल तर पंजातल्या बारीक स्नायूंपर्यंत पोचायला वर्षभर. मोटरसायकलवरून पडून मानेपाशीच नसांचा जुडगा तुटला असेल तर पंजापर्यंत ७० सेंटिमीटरच्या पुढं अंतर आहे, म्हणजे दोन वर्षं.

आणि खरी अडचण इथंच आहे. नसेविना पडलेला स्नायू तोवर वाट बघत नाही. तो बारीक होतो, त्यात चरबी आणि चिवट धागे भरतात, तंतूला जोडून घेण्याची जागा नाहीशी होते. साधारण १२ ते १८ महिन्यांनंतर तंतू पोचला तरी तो स्नायू हलेलच असं सांगता येत नाही. कातडीची संवेदना त्या मानाने उशिरापर्यंत परतू शकते. "बघू अजून दोन महिने" हे वाक्य ऐकलं की आम्ही अस्वस्थ होतो ते या हिशोबामुळे.

हात-पाय लुळा पडला म्हणजे नस तुटलीच का?

नाही. १९४३ मध्ये हर्बर्ट सेडन या ब्रिटिश सर्जनने तीन प्रकार सांगितले, ते आजही कामाला येतात. पहिल्यात तंतू शाबूत असतो, त्यावरचं वेष्टण तेवढं दबून खराब होतं. हे काही दिवसांत ते तीनेक महिन्यांत आपसूक सुटतं. दुसऱ्यात तंतू तुटतो पण बाहेरची नळी टिकते, म्हणजे वर सांगितलेला इंचाचा हिशोब लागू होतो. तिसऱ्यात सगळंच तुटतं. तिथं टाका घातल्याशिवाय आशा नाही.

पहिल्या प्रकाराचं आपल्या भागातलं उदाहरण द्यायचं तर भांगलण, म्हणजे पिकातलं तण काढणं. दिवसभर उकिडवं बसून सरीत सरकत राहिलेली बाई संध्याकाळी उठते आणि पाऊल उचलत नाही, चप्पल फरफटते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा हाताला लागतो. त्याच्या जरा खाली एक नस हाडाला वळसा घालून जाते, वर मांसाचं पांघरूण जवळजवळ नाही. तास न् तास उकिडवं बसलं की ती दबते. बहुतेकींचं पाऊल परत उचलतं, मात्र तोवर उकिडवं बसणं पूर्ण बंद, मांडी घालणं बंद आणि पाऊल लोंबू नये म्हणून पट्टा हवा. कामाला जाऊ नका म्हणणं सोपं असतं. पाट घेऊन बसा, दर अर्ध्या तासाने उभ्या राहा, हे तरी पाळा.

कोयता लागला, काच घुसली. पहिल्या तासात काय करायचं?

स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा आणि हात उंच ठेवा. हळद, चुना, कॉफी पावडर काही भरू नका, सर्जनला तेच आधी धुवून काढावं लागतं. रक्तस्राव दिसतो म्हणून वरून गच्च दोरी बांधू नका.

टाके घालायच्या आधी प्रत्येक बोटाच्या शेंड्याला स्पर्श करून कळतं का ते बघायला सांगा, अंगठा आणि बोटं हलवून बघायला सांगा. भूल दिल्यावर ही तपासणी करता येत नाही. वरची कातडी शिवून घरी पाठवलं आणि आतली नस तशीच राहिली, असे हात सहा महिन्यांनी आमच्याकडे येतात. धारदार हत्याराने स्वच्छ कापलेली नस पहिल्या काही दिवसांत जोडली तर टोकं ताण न देता जुळतात. उशीर झाला की ती आखडतात, मग पायाच्या पोटरीमागची एक संवेदनेची नस काढून मध्ये जोड द्यावा लागतो. त्या बदल्यात पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा राहतो.

एनसीव्ही टेस्ट (नसेतून करंट कसा जातो त्याची तपासणी) लगेच करून घेऊ का?

तीन आठवडे थांबा. तुटलेल्या नसेचा पुढचा तुकडा काही दिवस करंट वाहून नेत राहतो, त्यामुळे घाईने केलेली टेस्ट फसवते. जखम उघडी असेल तर टेस्टची वाट बघायची नाही, डोळ्यांनी बघूनच निर्णय होतो.

कुस्ती करताना मानेतून हातात करंट गेला. दोन मिनिटांनी बरं वाटलं. पुढची कुस्ती धरू का?

मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ओढला गेला की मानेतून हाताला जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. एकाच हातात जळजळ, शॉक बसल्यासारखं, हात लुळा आणि काही सेकंद ते काही मिनिटांत सगळं पूर्ववत, हा त्याचा नेहमीचा नमुना. त्या दिवशी मातीत परत उतरायचं नाही. ताकद दोन्ही हातांची सारखी आहे, मान सगळ्या बाजूंना न दुखता फिरते आहे, हे डॉक्टरांनी बघेपर्यंत जोरही नाही आणि मानेवर पूलही नाही. खासबागेत हलगी वाजत असली तरी नाही, पैलवान.

दोन्ही हातांत किंवा पायांत मुंग्या आल्या तर प्रकरण नसेचं नसून मज्जारज्जूचं असू शकतं. अशा वेळी वस्तादांनी पोराला उठवून बसवायचं नाही, मान ओढून "जागेवर" आणायची नाही. आहे तसा झोपवून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

ढुंगणावर इंजेक्शन घेतल्यापासून पाय जड झालाय. असं होऊ शकतं?

होऊ शकतं. तिथूनच शरीरातली सर्वांत जाड नस जाते आणि सुई आतल्या-खालच्या भागात गेली तर तिला इजा होते. सुई टोचताक्षणी पावलापर्यंत वीज चमकली असेल तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. लहान, बारीक मुलांना मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई सुरक्षित. आणि साध्या तापाला "सुई मारा, लवकर उतरतो" हा हट्ट आपणच सोडायला हवा.

ऑपरेशननंतर मुंग्या कमी व्हायच्याऐवजी वाढल्या. बिघडलं का?

बहुतेक वेळा ही चांगली बातमी असते. वाढत्या तंतूच्या टोकावर मायलिन नसतं, ते नाजूक असतं, बोटाने टिचकी मारली की पुढं बोटांकडे झिणझिण्या जातात. १९१५ मध्ये ज्यूल्स तिनेल या फ्रेंच डॉक्टरने पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांमध्ये ही खूण टिपली. आम्ही दर महिन्याला टिचकी मारत जातो आणि जिथं झिणझिण्या येतात तिथं पेनाने रेघ ओढून मनगटापासून अंतर मोजून ठेवतो. रेघ पुढं सरकत असेल तर काम चालू आहे. तीन-चार महिने एकाच जागी अडून बसली तर सर्जनला परत दाखवायचं.

परत येणारी संवेदना विचित्र का असते?

याचं सगळ्यात चिवट उत्तर एका माणसाने स्वतःवर काढलं. हेन्री हेड या लंडनच्या डॉक्टरने एप्रिल १९०३ मध्ये स्वतःच्या डाव्या हाताची संवेदनेची नस मुद्दाम कापून घेतली, पुन्हा शिवून घेतली आणि सहकारी रिव्हर्सच्या मदतीने केंब्रिजमध्ये चार वर्षांहून अधिक काळ कातडी तपासत राहिला. टोचल्याची आणि गरम-थंडाची ढोबळ जाणीव आधी आली, तीही नको तितकी तीव्र आणि भलत्या जागी पसरणारी. हलका स्पर्श, नेमकी जागा ओळखणं हे फार मागून आलं. त्याने त्यावरून मांडलेला सिद्धांत पुढे टिकला नाही, निरीक्षणं मात्र पेशंटच्या तक्रारींशी अजून जुळतात.

यात मेंदूचाही वाटा आहे. मधल्या बोटाचे काही तंतू वाढताना तर्जनीच्या नळीत शिरतात, मेंदूला हे माहीत नसतं. म्हणून हात "उठला" तरी खिशातलं नाणं ओळखू येत नाही. यासाठी रोज दहा-पंधरा मिनिटांचा सराव लागतो. ताटलीत ज्वारी पसरा, त्यात किल्ली, बटण, पाच रुपयांचं नाणं, लसणाची पाकळी लपवा. डोळे मिटून शोधा, ओळखा, चुकलं तर डोळे उघडून बघत तीच वस्तू पुन्हा चाचपा, मग पुन्हा मिटून. आधी मोठा फरक असलेल्या वस्तू, मग कडधान्यं: मटकी की मूग हे बोटाने सांगता आलं की आम्ही खूश. लहान मुलं यात मोठ्यांना सहज मागं टाकतात.

हात बधिर आहे, दुखत नाही. मग काळजी कसली?

दुखत नाही हीच काळजी. गुऱ्हाळावर काम करणाऱ्याचा हात काकवीच्या भांड्याला लागला आणि वास आल्यावर त्याने हात काढला, असं होतं. तव्याची कड, बाइकचा सायलेन्सर, आंघोळीचं पाणी हे सगळं धोक्याचं. पाणी दुसऱ्या हाताने तपासा आणि रोज रात्री उजेडात हात-पाय उलटसुलट बघा. कोल्हापुरी चप्पल नवी असताना करकचून लागते, बधिर पायाला ते कळत नाही आणि अंगठ्याशी फोड फुटून जखम होते. मधुमेह जुना असेल तर हाच नियम. त्यात सर्वांत लांब तंतू आधी मरतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते.

कातडीवर फिकट चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल तर तेल लावत बसू नका, सरकारी दवाखान्यात दाखवा. कुष्ठरोगाचे जंतू थेट श्वान पेशींतच घर करतात. औषध मोफत मिळतं आणि नस नुकतीच बिघडली असेल तर वेळेवर दिलेल्या स्टेरॉइडने ती बऱ्याचदा वाचते.

मालीश, हाडवैद्य, बी-१२, करंट: यातलं काय चालतं?

हलकी मालीश सांधे आखडू नयेत म्हणून चालते, नस तिने जुळत नाही. ताज्या दुखापतीवर जोराने रगडणं नकोच. मोडलेल्या हातावर बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या आणि बोटं निळी, थंड पडली, बोट सरळ केलं की जीव जातोय असं दुखलं, तर सकाळची वाट न बघता बांधणं सोडा आणि दवाखाना गाठा. रक्त अडल्याने स्नायू आणि नस काही तासांत कायमचे जाऊ शकतात.

बी-१२ शरीरात कमी असेल तर नसांना इजा होते आणि शाकाहारी घरांत ते कमी असणं नवलाचं नाही. रक्त तपासून कमी असेल तर घ्या. कोयत्याने तुटलेली नस गोळीने जुळत नाही, मग तिचा रंग कितीही लाल असो.

करंटचं उत्तर अर्धवट आहे. ऑपरेशनच्या वेळीच नसेला तासभर, सेकंदाला २० ठोके या गतीने मंद करंट दिला तर तंतू लवकर निघतात असं दिसलं आहे. महिनोन् महिने स्नायूवर पॅड लावून ठेवण्याचा फायदा मात्र तितका पक्का सिद्ध नाही. सांधे रोज पूर्ण हलवणं आणि पट्टा वापरणं हे फुकटात होतं आणि तेच आधी बंद पडतं.

तोंड वाकडं झालं. एसटीच्या खिडकीतलं वारं लागलं असेल का?

वाऱ्याला दोष देऊ नका. कपाळाला आठ्या पडतात का आणि डोळा मिटतो का, ते बघा. त्या बाजूचं कपाळही हलत नसेल आणि डोळा उघडा राहत असेल तर बहुधा चेहऱ्याची नस सुजून दबली आहे. ७२ तासांत स्टेरॉइड सुरू झालं तर फायदा जास्त, आणि बहुतेक लोक बरे होतात. डोळ्यात थेंब टाका, रात्री डोळा चिकटपट्टीने बंद ठेवा. तंतू चुकीच्या वाटेने गेले तर पुढे जेवताना डोळ्यातून पाणी येतं.

कपाळ हलतंय पण तोंड वाकडं आहे, हात लटका पडलाय, बोलणं अडखळतंय, तर ते मेंदूचं आहे. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. देवाला नंतर जा.

अंगावरून वारं गेलेल्या (लकवा झालेल्या) माणसाची किंवा मणका मोडलेल्याची नस अशीच वाढत नाही का?

नाही. मेंदू आणि मज्जारज्जूत श्वान पेशी नसतात. तिथं मायलिन करणाऱ्या पेशी वेगळ्या आहेत, त्या सफाईला मदत करत नाहीत. हाता-पायाच्या नसेत आठवड्यांत उचलला जाणारा कचरा तिथं महिनोन् महिने, कधी वर्षांनुवर्षं पडून राहतो आणि त्या मायलिनमध्ये वाढ थांबवणारी द्रव्यं असतात. जखमेभोवती दुसऱ्या पेशी घट्ट व्रण करतात. तो व्रण शेजारचा शाबूत भाग वाचवतो, नव्या कोंबांची वाटही अडवतो.

तरी मज्जारज्जूतल्या तंतूंत वाढायची धमक नाही असं नाही. १९८१ मध्ये कॅनडात सॅम्युअल डेव्हिड आणि अल्बर्ट आग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या नसेचा तुकडा पूल म्हणून जोडला आणि मज्जारज्जूतले तंतू त्या पुलातून काही सेंटिमीटर वाढले. वाढ अडते ती बरीचशी आजूबाजूच्या परिस्थितीमुळे, हे तेव्हा दिसलं. संशोधन तिथून पुढं चालू आहे.

मग वारं गेलेला माणूस सुधारतो कसा? सूज उतरते, बचावलेले भाग जागे होतात आणि उरलेल्या जोडण्यांतून मेंदू नवे मार्ग घडवतो. ते वापराने घडतात. पहिल्या तीन महिन्यांत वेग सर्वांत जास्त असतो, म्हणून "आधी अंगात ताकद येऊ दे, मग व्यायाम" हे चुकीचं. आजोबांचा चहाचा कप त्यांच्या लुळ्या हाताच्या बाजूला ठेवा, सुनेने भरवायची घाई करू नये.

स्टेम सेलचं इंजेक्शन घ्यावं का?

मणक्याच्या किंवा वाऱ्याच्या पेशंटला विकलं जाणारं ते इंजेक्शन सिद्ध झालेला उपचार नाही. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे मान्यताप्राप्त चाचणीबाहेर ते देणं बसत नाही, आणि खऱ्या चाचणीत पेशंटकडून पैसे घेत नाहीत. शेत विकू नका.

एमआयडीसीत प्रेसमध्ये हात गेला. नसलेली बोटं दुखतात. वेड लागलंय का?

नाही. मेंदूतला त्या हाताचा नकाशा शिल्लक आहे आणि तुटक्या नसेच्या टोकाला गाठही असू शकते. मूळचे तमिळनाडूचे मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात आरशाचा उपाय मांडला. साबूत हात आरशासमोर ठेवून हलवायचा, दुसरा आरशामागं ठेवायचा. सगळ्यांना गुण येत नाही, काहींना येतो, आणि आरसा घरात असतोच. झोप उडवणाऱ्या जळजळीला वेगळी औषधं आहेत. साध्या वेदनाशामक गोळ्या ढीगभर खाऊन मूत्रपिंड बिघडवू नका.

दोन वर्षं झाली, मनगट उचलतच नाही. आता काहीच होणार नाही?

नसेचं होणार नसेल, हाताचं होऊ शकतं. चालू असलेल्या स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट दोर) सोडवून बंद पडलेल्या कामाला जोडतात. सर्जन पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरुग्णांचे वाकडे झालेले हात असेच कामाला लावले. मानेपाशी नसा तुटलेल्यांत लवकर आलात तर दुसऱ्या चालू नसेची एक जुडी वळवूनही कोपर वाकवता येतं. दोन्हींसाठी सांधे मोकळे लागतात, आखडलेल्या पंजात काही जमत नाही.

कोयता परत कधी हातात घेऊ?

नस शिवल्यावर पहिले तीन आठवडे पट्टी, मग हळूहळू हालचाल, जड काम सर्जनने सांगितल्याशिवाय नाही. मुठीत ताकद आली तरी संवेदना अर्धी असते, त्यामुळे कोयता निसटतो किंवा माणूस गरजेपेक्षा जास्त आवळतो आणि फोड येतात. मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून जाड करा. थंडीत पहाटेच्या तोडीला बोटं जास्त दुखतील, हातमोजा घाला. पहिल्या हंगामात मुकादमाला सांगून वाढं गोळा करायचं काम मागून घ्या.